वादळानं झालं असेल

दिवा बंद करून पाच-दहा मिनिटं झाली होती तरी बल्ब गरमच होता. मार्सीनं स्वेटरची बाही बोटांवर ओढून घेतली आणि तो हळूच फिरवला — पूर्ण काढायचा नव्हता, रिकामं होल्डर कुणाच्याही डोळ्यांवर आलं असतं. नुसता सैल करायचा, एखादा आटा, फार तर दोन, म्हणजे दिसायला जागच्या जागी दिसेल आणि लागणार मात्र नाही. स्टुलावरून उतरून ती आत आली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. चोरी साधल्यावर चोराला जेवढा आनंद होत असेल तेवढाही तिला झाला नाही. एवढ्याशा कामानं खांदे भरून आले होते, आणि दिवस तर अजून उजाडायचाच होता.

किती साधी गोष्ट… ज्या घराच्या पोर्चमध्ये दिवा, त्या घरी पोरांनी सोंगं घेऊन चॉकलेट मागायला यायचं. जिथं अंधार, तिथून मुकाट पुढं जायचं. कुणी दार वाजवत नाही, कुणी का म्हणून विचारत नाही. हॅलोविनच्या आदल्या संध्याकाळी, मागत्यांच्या रात्री, या गावातलं लिहिता-वाचता न येणारं पोरसुद्धा एवढं एक वाचतं. दिवा लावायचा की नाही, एवढंच ठरवायचं होतं. ते काल ठरलं नाही, परवा ठरलं नाही, म्हणून आज पहाटे ती स्वतःच्याच घराच्या पोर्चमध्ये चोरासारखी स्टुलावर चढली होती.

तिचे वडील, ओरिन, आठवडाभर रोज संध्याकाळी तो दिवा लावत होते. बटण त्यांच्या खुर्चीच्या हाताशीच. ती बंद करायची, ते लावायचे; ती स्वयंपाकघरात गेली की पुन्हा खट्. "लोकांना कळू दे की आपण घरी आहोत," ते म्हणायचे. "बाबा, या वर्षी आपण घरी नाही असंच लोकांना कळायला हवं." — "मी मार्चपासून घरीच आहे बाई. मला आणखी कुठं जाता येतंय?" आणि मग हसायचे, आणि हसण्याच्या शेपटाला धरून खोकला यायचा, आणि तो खोकला संपेपर्यंत घरातलं सगळं बोलणं जागच्या जागी थांबून राहायचं. भांडण असलं तर तेही.

आतल्या खोलीत प्राणवायूच्या यंत्राची घरघर चालू होती, म्हणजे ते अजून झोपलेले होते. टायरच्या कारखान्यातली काळी धूळ आणि उमेदीभरच्या सिगारेटी… फुप्फुसांत जे काही उरलंय त्याला सर्दीदेखील परवडणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. आणि या नव्या साथीच्या आजाराचं नाव काढल्यावर त्यांनी नुसती मान हलवली होती. "मग मुलीला दारोदार पाठवू की नको?" तिनं विचारलं होतं. "ते तुम्हीच ठरवायचं. तुमच्या घरची परिस्थिती तुम्हाला जास्त कळते." नगरपालिकेनं पत्रक काढलं — सहा ते आठ, मास्क लावा, अंतर ठेवा, आणि ज्यांना योग्य वाटेल त्यांनीच दिवा लावावा. शाळेनं तेच पत्रक पुढं ढकललं. मुलीचा, हॅटीचा, बाप ओमाहा शहरात, दुसऱ्या संसारात, तो फोनवर म्हणाला, "तू ठरव मार्सी, तुला जास्त समजतं." लग्न टिकलं तोवर याच माणसाला तिचं काही म्हणजे काही पटत नसे. सगळ्यांनी हात वर केले की जो शेवटी उरतो त्याच्या डोक्यावर ते ओझं येऊन बसतं, आणि शेवटी मी उरते. कुणीतरी सरळ रद्द करून टाकलं असतं तर सुंठीवाचून खोकला गेला असता… पण या घरातला खोकला असा फुकट जात नाही.

नाश्त्याची भांडी तशीच ठेवून ती जेवणाच्या टेबलावर कामाला बसली. विमा कंपनीचं काम. वसंतापासून ते घरूनच चाललेलं. ऑगस्टमध्ये ते वादळ येऊन गेलं — चक्रीवादळ नव्हे, नुसता सरळ रेषेत धावत आलेला वारा, मक्याची शेतंच्या शेतं आडवी पाडत आणि धान्याची पत्र्याची कोठारं कागदासारखी चुरगाळत — आणि तेव्हापासून तिच्या कानात रोज लोकांची छपरं कोसळत होती. तिच्या अंगणातलं मेपलचं झाडही त्याच दिवशी गेलं. रस्त्याच्या बाजूला आता कापून उरलेला गुडघाभर बुंधा होता. दिवसभर लोक तिला विचारत, हे भरून मिळेल का? आणि ती सांगत असे. हे मिळेल. हे नाही. धोका तोलून सांगणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता, आणि या धंद्यात ती चांगली होती, असं तिचे वरिष्ठ म्हणत.

वादळाचं नुकसान ताजं असतं, तुटलेल्या कडा स्वच्छ असतात. जुन्या नुकसानीला कडेनं तपकिरी रंग चढतो. फोटो पाहिला की कळतं, शिकवावं लागत नाही.

"मॅडम, ते तळघरातलं पाणी ना," फोनवरचा म्हातारा सांगत होता, "ते त्या वादळानंच शिरलं बघा. त्याच्या आधी तळघर अगदी कोरडं होतं माझं." तिच्यासमोर पडद्यावर त्याची भिंत होती: ओलीचे डाग, एकाबाहेर एक, झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखे, कित्येक पावसाळ्यांचे. "वादळानं झालं असेल, नाही का?" तो म्हणाला. त्या आवाजात लबाडी नव्हती, ही पंचाईत होती. त्याला खरंच तसं वाटायला लागलं होतं. एवढं मोठं वादळ आलंय, सगळ्यांचं काही ना काही घेऊन गेलंय, तर त्याच्या अंगावर आणखी एक डाग घातला म्हणून त्याचं काय बिघडणार?

"मला तसं लिहिता येणार नाही," ती म्हणाली.

 मागं कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. "बरं," तो म्हणाला. "वेळ दिलात, आभारी आहे हं." इथली माणसं नाही ऐकूनही आभार मानतात. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तिला हल्ली वाटत असे. आभारांनी माणूस जास्त दमतो.

वर हॅटीची शाळा संगणकावर चालू होती — एक दिवस वर्गात, एक दिवस घरी, आज घरचा. जिन्यावरून बाईंचा डब्यातून आल्यासारखा आवाज येत होता, आणि मधूनच चिकटपट्टी फाडल्याचा चर्र आवाज, म्हणजे कन्यारत्नाचं लक्ष शाळेत नव्हतं. सोंगात ती वादळ होणार होती. चेटकीण नाही, परी नाही — ऑगस्टचं वादळ. जुन्या करड्या चादरीला तिनं मेपलच्या काटक्या, मक्याची सुकलेली पानं आणि अंगणात सापडलेले छपराचे तुकडे चिकटवले होते. "आणि मी जाईन तिथं वीज जाणार," असं तिनं आजोबांना बजावून ठेवलं होतं.

आणि जोक. महिनाभर त्या दोघांचं तेच चाललं होतं. या गावात नुसती पिशवी पुढं केली की चॉकलेट मिळत नाही. आधी दारात उभं राहून जोक सांगायचा, मग घ्यायचं. ओरिन दरवर्षी इथं यायचे त्यासाठीच — पोर्चमध्ये घडीची खुर्ची, गुडघ्यांवर घोंगडी, मांडीवर मोठं वाडगं, आणि चेहरा असा की जणू कर्ज मंजूर करायला बसलेत. "हं. जोक सांग." पोरं थरथरत सांगायची. "हा जोक माझ्यापेक्षा म्हातारा आहे. पुढचा!" तरी चॉकलेट द्यायचेच. अगदीच टाकाऊ जोक असला तर दोन द्यायचे. "वाईट जोक सांगायला जास्त हिंमत लागते," हे त्यांचं म्हणणं. पलीकडच्या आळीतली पोरंही वाट वाकडी करून त्यांच्यापुढं रांग लावायची, आणि मार्सी दाराच्या आत उभी राहून मनात म्हणायची, आम्हा भावंडांपुढं नाही कधी एवढे बसलात… पण ते जुनं झालं. त्याच्या कडा तपकिरी झाल्या.

हॅटीचा या वर्षीचा जोक तिचा स्वतःचा होता. भूत आपल्या दारातून परत का गेलं? — एवढाच प्रश्न ती सांगायची. उत्तर मागत्यांच्या रात्री, दारात. आधी सांगितलं तर ते धरत नाहीत. ओरिन रोज एक उत्तर काढायचे. "तुझ्या आईचा स्वयंपाक बघून?" — "नाही!" — "मास्क विसरलं म्हणून?" — "नाही, आजोबा!" जेवणाच्या टेबलावर तेवढाच काय तो हशा, आणि त्याच्या मागोमाग खोकला, आणि मार्सीची मान आपोआप त्यांच्या ओठांकडं वळायची, रंग बघायला.

सगळे म्हणतात, मार्सी, काय वेळेवर निर्णय घेतलास! मार्चमध्ये, वृद्धाश्रमाची दारं बंद व्हायच्या आदल्या दिवशी तिनं वडिलांना घरी आणलं. नंतर तिथं आजार शिरला. ओरिनच्या पत्त्यांच्या टेबलावर चौघे बसायचे. त्यांतले दोघे गेले, तिसऱ्याला आता पत्त्यांची चित्रं ओळखू येत नाहीत. चर्चमधल्या बायका फोनवर म्हणाल्या, देवानंच तुला बुद्धी दिली. भाऊ म्हणाला, तू वाचवलंस त्यांना. आणि खरं काय… खरं म्हणजे मी धुणं आणायला गेले होते. त्यांचे मळके कपडे आणायचे आणि धुऊन शनिवारी परत द्यायचे, दर आठवड्यासारखे. ते म्हणाले, चल, मीही येतो, दोन दिवस नातीकडं. मी म्हटलं, या. मनात तर आलं होतं की आता शनिवार-रविवार गेला… एवढाच माझा निर्णय. पिशवीभर मळक्या शर्टांबरोबर माझा बाप जगला, आणि तेव्हापासून मी शहाणी ठरले. अपघातानं अंगावर पडलेलं ते शहाणपण रोज नव्यानं सिद्ध करायचं. किराणा पुसून घ्यायचा, टपाल एक दिवस गॅरेजमध्ये ठेवायचं, हॅटी शाळेतून आली की मागच्या दारानं सरळ न्हाणीघरात. एकदा बरोबर आलेल्या माणसाला पुन्हा चुकायची सोय राहत नाही.

काल रात्री ओरिन म्हणाले होते, "मी तळघरात राहतो दोन आठवडे. पोरीला जाऊ दे."

"तळघराला जिना आहे, बाबा."

"उतरेन एकदाचा. वर यायचंय कुणाला?" मग त्यांनी खुर्चीत पुढं वाकून तिच्याकडं पाहिलं होतं. "मार्सी, तू मला तिथून काढलंस, चांगलं केलंस. पण काढून ठेवलंयस कशाला, तेवढं सांग की. लोणचं घालणार आहेस माझं?"

ती हसली नव्हती. त्यांचं म्हणणं विनोदानं टाळता येण्यासारखं नव्हतं आणि मनावर घ्यायला तिच्यात त्राण नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती दिवा बंद करून झोपायला गेली. पहाटे उठली तर दिवा चालू.

दुपारी कचरा टाकायला बाहेर गेली तेव्हा समोरच्या घरातली शेजारीण, गेल, आपल्या पायऱ्यांवर उभी होती, भोपळ्यांचं चित्र असलेला मास्क लावून. तिच्या कठड्याला वरून खालपर्यंत एक लांब पन्हाळ बांधलेली होती. "बघ आमच्या ड्वेनचा पराक्रम!" ती रस्त्यापलीकडून ओरडली. "वादळात पडली होती ना, तीच. वरून चॉकलेट सोडलं की खाली पोराच्या पिशवीत! कुणाला हात लागत नाही की श्वास लागत नाही. हॅटी येतेय ना?"

"बघू."

"आमची आई 'बघू' म्हणाली की आम्ही समजायचो, नाहीच." मग गेलचा आवाज एकदम मऊ झाला. "मी काही सांगत नाहीये हं तुला. तुझ्या घरात ओरिन आहे. तूच ठरव."

तूच ठरव. मार्सीनं कचऱ्याच्या डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं. कुणी हातातली एक गोष्ट काढून घेत नाही, वर विचारतात, हात दुखत नाहीत ना?

आत आली तर ओरिन बटणापाशी उभे. खट्, खट्. दाराच्या काचेतून वर बघत होते.

"बल्ब गेला वाटतं."

"असेल," मार्सी म्हणाली. एवढाच शब्द, आणि तो किती सहज आला… जणू तोंडात तयारच ठेवलेला होता.

"दुसरा आहे ना गॅरेजमध्ये?"

"बघते नंतर. मला फोन आहे."

फोन होताच. एक बाई होती, गॅरेजसकट गाडी गेलेली, आणि ती गाडीसाठी नव्हे, गॅरेजच्या भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या त्यांच्यासाठी रडत होती. त्या विम्याच्या कुठल्याच कलमात बसत नव्हत्या. मार्सी ऐकत होती. रडणाऱ्या माणसाचा फोन मध्ये तोडायचा नाही, हा नियम तिचा स्वतःचा. आणि त्या रडण्याच्या मागून तिला एक आवाज आला — लाकडी फळ्यांवरून काहीतरी पत्र्याचं ओढल्याचा. तो आवाज तिला ओळखीचा होता, आज पहाटे तिनंच तो होऊ न देण्यासाठी स्टूल उचलून नेलं होतं. "पेन्सिलीनं केलेल्या होत्या," बाई म्हणत होती, "धाकट्याची खूण तर अजून…" बाहेर आवाज थांबला. मार्सीला ते थांबणं आवाजापेक्षा जास्त ऐकू आलं. तरी ती बसून होती, एक हात हेडफोनवर. आता उठेन, हे वाक्य संपलं की उठेन. मग हेडफोन टेबलावर पडला आणि ती धावली.

ओरिन पायरीवर बसलेले होते. पडले नव्हते. एक हात खांबाला धरून, ओठांचा चंबू करून, दवाखान्यात शिकवल्याप्रमाणं श्वास सोडत — पण श्वास आत जातच नव्हता, सोडणार काय? ओठ निळसर झालेले. शेजारी स्टूल सरळ उभं, आणि वर, दुपारच्या ढगाळ उजेडात, दिवा लागलेला.

तिनं प्राणवायूचा छोटा सिलिंडर आणला, नळी नाकात बसवली, चाक फिरवलं.  मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. स्वेटरखाली बरगड्या वरखाली होत होत्या. देवा, हे मी केलं… सहा ते आठ पोरांबरोबर जे संकट आलं असतं त्याची वाट न बघता मीच आधी येऊन गेले. आणि त्या भीतीच्या बुडाशी रागही होता, आंधळा, कुणाचाही — तुम्हाला कुणी चढायला सांगितलं होतं, या वयात, या छातीनं, एका बल्बसाठी!  

हळूहळू ओठांचा रंग परतला. रस्त्यापलीकडं गेल पन्हाळीला नारिंगी कागद गुंडाळत होती. तिला काही दिसलं नव्हतं.

"बल्ब," ओरिन म्हणाले. थांबले. "बल्ब गेला नव्हता."

मार्सी पाठीवर हात फिरवत राहिली.

"सैल झाला होता. नुसता हात लावला… लागला." आयुष्यभर यंत्रांचे नट पिळलेला माणूस. आपोआप सैल झालेलं काय आणि कुणी सैल केलेलं काय, त्यांच्या बोटांना वेगळं सांगायला नको होतं. आणि काल रात्रभर हाच दिवा जळत होता, हे त्यांना ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. ते तिच्याकडं पाहत नव्हते. अंगणातल्या बुंध्याकडं पाहत होते.

"वादळानं झालं असेल," ते म्हणाले.

तिच्या हाताची हालचाल थांबली. वादळाला दोन महिने उलटून गेले होते. या नुकसानीच्या कडा इतक्या ताज्या होत्या की बोट लावलं तर कापेल. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यापुढं असा खोटा दावा ठेवत होतं ज्यातून मागणाऱ्याला काहीच मिळणार नव्हतं. मिळणार होतं ते तिला. आणि तो माणूस अजून धापा टाकत होता.

"मी नाही केलं!" मागून आवाज आला. दारात हॅटी उभी होती, डोक्यापासून पायांपर्यंत करडी, काटक्या फुटलेली, छपराचा एक तुकडा कानावर लोंबत असलेला. "आजोबा, देवाशप्पथ! मी सकाळपासून वरच होते!"

ओरिन हसले. हसायला नको होतं. खोकला आला, वाकले, मार्सीनं त्यांना धरलं, आणि ते दोघं तसे वाकलेले असताना त्यांच्या खांद्याच्या हाडाशी तोंड ठेवून ती म्हणाली, "असेल."

सहा वाजता दिवा चालूच होता. तो लावायचा असं कुणी ठरवलं नव्हतं, पण बंद करायला बटणापर्यंत जायला हवं होतं, आणि ती गेली नाही. ओरिन आत, खिडकीपाशी खुर्चीत. नळी नाकात, घोंगडी गुडघ्यांवर. खिडकी चार बोटं वर. चॉकलेटचं वाडगं तिनं बुंध्यावर नेऊन ठेवलं होतं, पोरांनी तिथूनच जोक सांगायचा आणि तिथूनच घ्यायचं. हेही कुणी ठरवलं नव्हतं. ती वाडगं घेऊन पोर्चमध्ये आली, दिव्याखाली क्षणभर उभी राहिली, बुंधा दिसला. ते बरोबर होतं की नाही, वारा कोणत्या बाजूनं होता, काही तोललं नाही. तोलायचा काटाच कुठंतरी ठेवून आल्यासारखं वाटत होतं.

रस्त्याच्या कडेला पहिली पोरं आली, एक डायनोसॉर आणि एक भोपळा, मागं मोबाइलचा दिवा धरलेला बाप. दिवा बघून थांबली. पण त्यांच्या आधी घराच्या बाजूनं, मागच्या दारानं निघून, वादळ आलं, आणि आपल्याच घरापुढच्या बुंध्यापाशी कमरेवर हात ठेवून उभं राहिलं.

"हं," खिडकीतून आवाज आला, कर्ज मंजूर करणाऱ्याचा. "जोक सांग."

"भूत आपल्या दारातून परत का गेलं?"

"का गेलं?"

"कारण त्याला जोक येत नव्हता!"

ओरिनचा चेहरा हलला नाही. मार्सी दारात उभी राहून तो बाजूनं बघत होती. एक क्षण, आणखी एक. मग हनुवटी थरथरली, मग खांदे, आणि ते हसले, आवाज न करता, डोळे मिटून. खोकला आला. मार्सीचा हात सिलिंडरच्या चाकाकडं गेला आणि तिथंच राहिला, कारण त्यांनी एक बोट वर केलं होतं — थांब. अंगणात डायनोसॉरही थांबला होता. या आळीतल्या पोरांना ठाऊक होतं, या दारात वेळ लागतो.

"आणि," श्वास जमवत ओरिन म्हणाले, "येत असला तर?"

याचा विचार हॅटीनं केलेला नव्हता. काटक्यांखाली कपाळाला आठ्या पडल्या.

"मग त्याला एक चॉकलेट द्यायचं," ती म्हणाली, "आणि पुढच्या घरी पाठवायचं. इथं कुणाला थांबता येत नाही, आजोबा. मागं रांग असते."

 ओरिन हॅटीकडं बघत होते, ज्या नजरेनं त्यांनी मार्सीकडं कधी बघितल्याचं तिला आठवत नव्हतं, की बघितलं असेल आणि तेव्हा तिचं लक्ष नसेल. "हिला दोन दे," ते म्हणाले. "नाही, तीन दे."  रांग असते. मार्चपासून मार्सी दारात आडवी उभी होती, हात पसरून, आणि तिला वाटत होतं की रांग तिच्यामुळं थांबली आहे.

हॅटीनं वाडग्यातून आपली तीन उचलली, आणि वर बघून विचारलं, "आई, आता गेलकडं जाऊ? पन्हाळीशी?"

गेलची पायरी रस्त्यापलीकडं उजळलेली दिसत होती. तिथं पोरांचा घोळका होता, मास्क लावलेला, काहींचा हनुवटीवर घसरलेला. मार्सीनं तोंड उघडलं. हो आणि नाही, दोन्ही तिथं होते, दोन्ही सारख्याच वजनाचे. कुठलंही उचललं तरी उद्या, परवा, आठवड्यानं ते चुकीचं निघेल अशी भीती आता तशीच होती, तसूभरही कमी नाही. दमणंही होतं, पाठीत, डोळ्यांमागं, होतं तिथंच. फक्त तिनं ते आता दोन्ही हातांनी वर उचलून धरलं नव्हतं. ती पोर्चच्या पायरीवर बसली, दुपारी ते बसले होते तिथं. फळी गार होती. मागं खिडकीतून त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर, आत.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

हॅटी काटक्या सावरत तिच्याकडं बघत राहिली. हे वाक्य तिनं आईच्या तोंडून या वर्षात ऐकलेलं नव्हतं, आणि मार्सीनंही नाही. ते ऐकायला इतकं साधं होतं की त्याचं पुढं काय करायचं असतं, ते दोघींनाही सुचेना.

"पुढचा!" खिडकीतून ओरिन ओरडले, आणि डायनोसॉर बुंध्याकडं निघाला.